नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

समजा, डोंबिवलीत एका गृहस्थाने स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला. सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव लावले, मृत्युपत्र मात्र केले नाही. त्यांच्या पश्चात फ्लॅट कोणाचा?

पत्नीचा, असेच बहुतेकांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील 2019च्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंतचा. शेअर्सचाही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये स्पष्ट केले.

मग वारस कोण? हिंदू कुटुंब असेल, तर 1956च्या वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांना समान वाटा. (वडील या पहिल्या यादीत नाहीत, हे अनेकांना माहीतच नसते.) दोन मुले असतील, तर पत्नीकडे चौथा हिस्साच येतो. पुढे सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांच्या हिश्शात दीर-नणंदाही येतात. फ्लॅट विकायचा तर या सगळ्यांच्या सह्या हव्यात. घरातले तंटे सुरू होतात ते इथे.

मृत्युपत्राला साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमोर करावी, त्यांनीही सही करावी. साक्षीदार शक्यतो वयाने लहान आणि मालमत्तेत वाटा नसलेले निवडा. विचार बदलला तर नवे करता येते; शेवटचे ग्राह्य धरतात. फक्त कागद कोणत्या कपाटात आहे, हे घरात कोणाला तरी सांगून ठेवा.