उच्च परिवलनवेगावरील मोटार-एंजिनाचे कार्य आणि ध्वनी

खोपोलीपासून बोरघाट चढून मुंबई-पुणे रस्ता लोणावळ्यास मावळात प्रवेश करतो व कामशेतवरून पुढे जातो. या रस्त्याच्या आसमंतात, वडिवळ्यासारख्या गावी राहणारा मनुष्य वाहन दृष्टीस पडण्यापूर्वीच केवळ आवाजावरून पुष्कळ काही सांगू शकतो. गाडी भरलेली आहे की रिकामी, चालकाने गिअर बदलला की नाही, एंजिन सहज चालत आहे की ओढले जात आहे, हे त्यास कळते. हे ज्ञान अनुभवजन्य असले तरी त्यास भौतिकीचा भक्कम आधार आहे. एंजिनाचे कार्य आणि त्याचा ध्वनी ही बहुतांशी वायूच्या एकाच स्पंदनमालिकेची दोन रूपे होत. परिवलनवेग वाढत गेला असता या दोहोंमध्ये कोणते बदल घडतात व त्यांस मर्यादा कशाने पडते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

स्वराची उंची

चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांस एकदा स्फोट होतो. चार सिलिंडरच्या एंजिनात म्हणून दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. दर मिनिटास 3,000 फेरे असता ही कंप्रता सेकंदास 100, आणि 6,000 फेरे असता 200 होते. वेग दुप्पट झाला म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. तीन सिलिंडरच्या एंजिनात त्याच 6,000 फेऱ्यांस कंप्रता 150 भरते. तिला षड्ज मानल्यास चार सिलिंडरचा स्वर शुद्ध मध्यमावर पडतो. सहा सिलिंडरच्या एंजिनात कंप्रता 300 होते, आणि चार सिलिंडरच्या स्वरास षड्ज मानता हा स्वर पंचम ठरतो. सारख्याच वेगाने फिरणारे सहा सिलिंडरचे एंजिन कानास अधिक ‘चढलेले’ वाटते ते यामुळेच.

परंतु स्वराची जात केवळ मूळ कंप्रतेवर ठरत नाही. सर्व सिलिंडरांतील स्फोट तंतोतंत सारखे नसतात, आणि उत्सर्जन-नळ्यांची लांबीही कमीअधिक असते. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या पूर्ण आवर्तनाशी निगडित असे मंद कंप ध्वनीत मिसळतात व आवाजास खरखरीतपणा येतो. नळ्या समान लांबीच्या केल्यास हे कंप दबतात व स्वर शुद्ध होतो.

शक्ति का वाढते व का घटते

एंजिनाची शक्ति ही पीळ आणि परिवलनवेग यांच्या गुणाकाराने मिळते. पीळ मुख्यतः प्रत्येक धावेत आत येणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर अवलंबून असतो. 6,000 फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा एका सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो व शोषणाच्या धावेस अवघा दोनशेवा भाग मिळतो. एवढ्या अल्पावधीत हवा आत घ्यावयाची असल्याने शोषण-झडप पिस्टन तळाशी पोचल्यानंतरही काही काळ उघडी ठेवतात. वेगाने येणारी हवा आपल्या जडत्वाने आत शिरतच राहते. मंद वेगावर मात्र तीच उघडी झडप आत आलेली हवा परत बाहेर जाऊ देते.

याच्या जोडीस नळीतील दाबतरंगाचे कार्य असते. झडपेपासून निघालेला तरंग नळीच्या मोकळ्या टोकावरून परावृत्त होऊन परत येतो. नळी 35 सेंटिमीटर लांबीची व ध्वनीचा वेग सेकंदास 340 मीटर धरल्यास या जाण्यायेण्यास सेकंदाचा सुमारे दोन सहस्रांश भाग लागतो. तेवढ्या वेळात 6,000 फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट 74 अंश, तर 3,000 फेऱ्यांवर 37 अंश फिरतो. परतणारा दाब झडप मिटण्याच्या सुमारास पोचला तर भरणा वाढतो, अवेळी पोचला तर घटतो. म्हणून एका वेगास अनुकूल अशी नळी दुसऱ्या वेगास तितकी अनुकूल नसते. काही वेगांवर एंजिन ‘खुलते’ व त्याच क्षणी त्याचा आवाज भरदार होतो, या दोन्ही अनुभवांचे मूळ या अनुस्पंदनात आहे.

पुढे झडपेच्या अरुंद वाटेतील रोध आणि अंतर्गत घर्षण यांमुळे पीळ उतरू लागतो. जोवर ही उतरण वेगवाढीच्या प्रमाणापेक्षा कमी असते तोवर शक्ति वाढते, त्यानंतर ती घटते. शक्तीचे शिखर ओलांडल्यावर आवाज वाढत जातो, गाडीची ओढ मात्र वाढत नाही. घाटात आणखी एक घटक येतो. सुमारे 620 मीटर उंचीवरील लोणावळ्याची हवा समुद्रसपाटीवरील हवेहून सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते आणि साध्या शोषणाच्या एंजिनाची शक्ति जवळपास त्याच प्रमाणात कमी होते.

जडत्वाची मर्यादा

पिस्टनची धाव 76 मिलिमीटर असल्यास 6,000 फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदास 15.2 मीटर असतो. वरच्या टोकाशी दिशा बदलताना त्याचे त्वरण, कनेक्टिंग रॉडच्या नेहमीच्या लांबीस, गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 1,950 पट होते. पिस्टन व त्याच्यासमवेत हलणारा भाग मिळून 300 ग्रॅम धरले तर रॉडवर सुमारे 590 किलोग्रॅम वजनाइतका ताण पडतो. हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 3,000 फेऱ्यांवर तो केवळ चतुर्थांश असतो.

धाव आखूड केल्यास अधिक वेग साधतो. चाकण येथे 2013 पासून निर्माण झालेल्या केटीएम 390 ड्यूक या मोटारसायकलीच्या पहिल्या एंजिनात सिलिंडरचा व्यास 89 मिलिमीटर व धाव 60 मिलिमीटर होती. 9,000 फेऱ्यांवर त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास 18 मीटर भरतो. याउलट 1,089 घनसेंटिमीटरच्या प्रीमियर पद्मिनीत व्यास 68 व धाव 75 मिलिमीटर होती. डिझेल एंजिनास मर्यादा पडते ती निराळ्या कारणाने. त्यात इंधन हवेत मिसळून जळण्यास वेळ लागतो, म्हणून 82 मिलिमीटर धावेचे फियाटचे 1.3 लिटर डिझेल एंजिन 4,000 फेऱ्यांसच आपली कमाल शक्ति देत असे.

ध्वनीच्या तीव्रतेतही हा भेद दिसतो. वेग दुप्पट झाल्यास पेट्रोल एंजिनाचा ध्वनी सुमारे 15 डेसिबेलने, तर डिझेलचा सुमारे 9 डेसिबेलने वाढतो. मंद वेगावर सौम्य भासणारे पेट्रोल एंजिन उच्च वेगावर एकाएकी गर्जू लागते ते यामुळे. भारतात प्रवासी मोटारीस निर्मितीच्या वेळी 74 डेसिबेलची मर्यादा 2005 पासून लागू झाली. हे मापन गाडीच्या मार्गरेषेपासून साडेसात मीटरवर केले जाते. सायलेन्सर काढून टाकणारास शक्ति वाढल्याचा भास होतो. वस्तुतः नळ्यांतील तरंगांचा मेळ बिघडून मधल्या वेगांवरील पीळ पुष्कळदा घटतो.

घाट उतरताना

या विषयाचे खरे महत्त्व चढणीपेक्षा उतरणीवर प्रत्ययास येते. 25 टनांचा मालमोटार वीसास एक अशा उतारावर ताशी 40 किलोमीटर वेगाने येत असल्यास गुरुत्वामुळे सुमारे 136 किलोवॉट शक्ति सतत मुक्त होते. हवेचा व चाकांचा रोध वजा जाता उरलेली सर्व शक्ति ब्रेकांनी शोषल्यास ते तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्ये मात्र चाकेच एंजिनास फिरवतात, आणि त्यातील घर्षण व वायूचा रोध या शक्तीचा मोठा वाटा शोषून घेतात. परिवलनवेग जितका अधिक तितका हा रोध अधिक. म्हणून बोरघाट उतरताना एंजिनाचा चढा, एकसुरी आवाज हे दोषाचे चिन्ह नसून सुरक्षिततेचे चिन्ह होय. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक ही शांतता ब्रेकांच्या जिवावर विकत घेतो.

यासही सीमा आहे. आधुनिक एंजिनातील वेगनियंत्रक कमाल वेगास इंधन तोडतो, परंतु चाकांकडून येणारी गति त्यास अडविता येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये 4,000 फेऱ्यांनी चाललेली गाडी चुकून पहिल्यात टाकल्यास फेरे दुपटीहून अधिक होतात. झडपांच्या स्प्रिंगांस झडपा वेळेवर मिटविता येत नाहीत आणि पिस्टन झडपेवर आदळण्याचा संभव उत्पन्न होतो. यास्तव उतारावर वेग आधी कमी करून मगच गिअर खाली आणणे हा नियम शास्त्रशुद्ध ठरतो. एंजिनाचा स्वर कोणत्या सप्तकात आहे हे ओळखणारा कान, या दृष्टीने, चालकाच्या हाताशी असलेले सर्वांत साधे मापनयंत्र होय.