खातं भाऊजींचं, शोध सगळ्या घराचा

मुखेड तालुक्यातल्या माझ्या बहिणीच्या घरी खरेदीचं ॲप भाऊजींच्या फोनमध्ये आहे. खातं त्यांच्या नावाचं, पैसेही त्यांच्याच यूपीआयवरून जातात. शोधतं मात्र सगळं घर. सोयाबीनची रास झाकायला ताडपत्री, फवारणीचा बॅटरी पंप, ताईची ब्लाउजला लावायची लेस, आजींचा गुडघ्याचा पट्टा. भाची नीटच्या तयारीसाठी लातूरला ट्युशन एरियात राहते. तिच्या फोनमध्येही हेच खातं. जीवशास्त्राचा प्रश्नसंच शोधायला ॲप उघडलं की आधी पंपाचे नोझल समोर येतात. दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "मामा, हे मला सारखं ताडपत्रीच दाखवायलंय." मग जेवणं झाल्यावर आम्ही ते खातं उघडून बसलो.

लातूरच्या गंजगोलाई बाजारातला दुकानदार वस्तू काढण्याआधी विचारतो, कोणासाठी पाहिजे? ॲप हे विचारत नाही. त्याच्या लेखी एक खातं म्हणजे एक माणूस, आणि आपल्याकडच्या शिफारशी बिघडतात त्या बहुतेक इथेच.

या यंत्रणेचा पाया समजला की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. ॲमेझॉनच्या ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी 2003 साली एका लेखात आपली पद्धत मांडली. तुमच्यासारखा दुसरा माणूस शोधत बसण्याऐवजी त्यांनी वस्तूला जोडीची वस्तू शोधली. कोणत्या वस्तू एकाच गिऱ्हाइकाकडे जातात याचं कोष्टक आधीच तयार ठेवायचं, आणि तुम्ही पाहिलेल्या-घेतलेल्या वस्तूंवरून त्यातल्या जोड्या पुढे करायच्या. स्मिथ आणि लिंडेन यांनी 2017 मध्ये यातली एक अडचण उलगडून सांगितली: खूप खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या यादीत काहीही कशाहीशेजारी सापडतं, म्हणून निव्वळ योगायोगाने किती जोड्या जमल्या असत्या ते हिशेबात धरावं लागतं. आजच्या यंत्रणा याच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत. पण एकत्र कुटुंबाचं खातं त्यांनाही असंच गोंधळात टाकत असणार, असं मला वाटतं. एकाच खात्यात ताडपत्री, लेस आणि पेशीविभाजन!

आम्ही सुरुवात केली पाहिलेल्या वस्तूंच्या इतिहासापासून. खात्याच्या पानात तो सापडतो, पण बराच खाली. प्रत्येक वस्तूजवळ ती काढून टाकायची सोय होती. सगळा इतिहास एकदम पुसताही आला असता. तसं केलं असतं तर आजींच्या आणि ताईच्या उपयोगाचंही गेलं असतं. म्हणून एकेक वस्तू दाखवून विचारत गेलो, हे कोणाचं, ठेवायचं का? मध्येच भाचीने फोन मागून घेतला, आत जाऊन काही वस्तू स्वतःच काढल्या आणि मग परत आणून दिला. ताईने नंतर मला सांगितलं. पाळीच्या दिवसांत लागणारं काही तिने लातूरहून शोधलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तशाच वस्तू बाबांच्या फोनवर पहिल्या पानावर आल्या होत्या. भाऊजी काही बोलले नाहीत. तिने मात्र तेव्हापासून ॲपवर तसं काही शोधणंच सोडलं होतं. चुकीच्या शिफारशीने फार तर वैताग येतो. बरोबर शिफारस चुकीच्या माणसासमोर आली तर घरातल्या मुलीला संकोचून राहावं लागतं. मला हा दोष पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

पुढची पायरी घेतलेल्या वस्तूंची. ही वस्तू शिफारशींसाठी धरू नका, असं सांगायचा पर्याय तिथे होता. लग्नात आहेर द्यायला घेतलेला मिक्सर, शेजाऱ्यासाठी मागवलेला चार्जर, एकदाच लागणारा पंप, हे सगळं वगळलं. यामुळे खरेदीची नोंद पुसली जात नाही, ती कंपनीकडे राहतेच. फक्त तिच्यावरून पुढचा अंदाज बांधला जात नाही. भाऊजींना हा फरक महत्त्वाचा वाटला, कारण पंपाची वॉरंटी अजून बाकी होती.

थोडे शोध घेतल्यावर पहिलं पान हळूहळू बदललं, प्रश्नसंच वर आले. ताडपत्री पूर्ण गेली नाही. नीट पाहिल्यावर तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं दिसलं. म्हणजे ती जागा विक्रेत्याने पैसे मोजून घेतलेली. इतिहास कितीही पुसा, ती तेवढ्याने जात नाही. त्यासाठी आवडीनुसार जाहिराती दाखवणं बंद करायची वेगळी खूण आहे, आणि अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांकही पुसता येतो. आम्ही दोन्ही केलं. तरीही जाहिराती येतात, पण निदान घरात कोणी काय शोधलं ते बोलून दाखवत नाहीत.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण भाची बाबांच्या खात्यातून शोधते, तेव्हा यंत्राच्या दृष्टीने ती एक प्रौढ शेतकरी असते. मुखेड, अहमदपूर, उदगीरहून लातूरला शिकायला आलेली किती मुलं अशीच आईवडिलांच्या खात्यावर पुस्तकं मागवत असतील. ॲमेझॉनने 2021 मध्ये मराठीतून खरेदीची सोय केली, ती ताईच्या फार उपयोगाची. तिला मोठ्या अक्षरात आणखी एक प्रश्न विचारला जावा: आत्ता कोण बघतंय?

तोवर घरात ठरलं ते असं. भाची शोधायच्या आधी इतिहासाची नोंद बंद करते आणि झाल्यावर पुन्हा चालू करते. अठरा पूर्ण झाली की स्वतःचं खातं काढणार आहे. आजींना पट्ट्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू दे बाबा, त्याच्या शेजारी काठी दाखवली होती, ती मला बघायची हाय."