लगोरी पाडतं कोण?

दोस्तांनो, एक कोडं घालू? पण सोपं नाहीये हं!

परळी वैजनाथला टेकडीवर वैद्यनाथाचं देऊळ आहे. खालून मान वर करून पाहिलं की रुंद दगडी पायऱ्याच पायऱ्या! अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला.  

आता समजा, इथंच उभं राहून हजार-बाराशे वर्षं नुसतं बघत राहता आलं असतं तर? बाप रे, केवढी वर्दळ दिसली असती! आपल्या मराठवाड्यावर बदामीच्या चालुक्यांनी राज्य केलं. मग राष्ट्रकूट आले. मग कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, दिल्लीचे सुलतान, बहामनी सुलतान, नगरची निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निझाम. (नगरची निजामशाही वेगळी आणि हैदराबादचा निझाम वेगळा बरं का! मोठी माणसंसुद्धा इथं गोंधळतात.)

दमलात ना नुसती नावं वाचून? आता कोडं ऐका. एवढी मोठमोठी साम्राज्यं पाडली कुणी?

"लांबून आलेल्या शत्रूनं!" असंच म्हणालात ना? थांबा, थांबा. आधी यादी तपासू.

753 च्या सुमाराला बदामीच्या चालुक्यांना दंतिदुर्गानं हरवलं. हा राष्ट्रकूट राजा. याच्याच काकानं, कृष्णराजानं, पुढं वेरूळचं कैलास लेणं खोदवलं. पण त्याआधी दंतिदुर्ग कोण होता? चालुक्यांचाच मांडलिक! मांडलिक म्हणजे स्वतःचं छोटं राज्य असलेला, पण मोठ्या राजाला मुजरा आणि खंडणी देणारा राजा.

बरं, राष्ट्रकूटांना कुणी पाडलं? 973 साली तैलप चालुक्यानं. आणि तो कुणाचा मांडलिक? राष्ट्रकूटांचाच!

मग त्याच्या वंशजांचं राज्य ढिलं झाल्यावर, 1187 च्या सुमाराला, भिल्लम यादव स्वतंत्र झाला. तो कुणाचा मांडलिक होता, सांगा पाहू? बरोब्बर! कल्याणीच्या चालुक्यांचा!

अजून संपलं नाही. 1347 साली बहामनी राज्य उभं करणारा हसन दिल्लीच्या सुलतानाचा सरदार होता. 1490 साली निजामशाही सुरू करणारा मलिक अहमद बहामनींचा सरदार होता. आणि हैदराबादचा पहिला निझाम? मोगल बादशहाचा वजीर! 1724 साली साखरखेर्ड्याला त्यानं लढाई जिंकली आणि दख्खन हातात घेतली. नावाला मात्र तो बादशहाचा चाकरच राहिला.

सहाच्या सहा जण घरचेच! शत्रू परगावचा नव्हे, तर दरबारात शेजारी बसणारा. आहे की नाही गंमत?

पण असं का व्हावं बरं?

लगोरी खेळता ना? सात चपट्या ठिकऱ्या एकावर एक. राज्य अगदी तसंच असतं. खाली गावं, त्यावर परगणे, त्यावर सरदार आणि सगळ्यात वर राजाची ठिकरी. राजा वर दिसतो खरा, पण तो टेकलेला असतो खालच्या ठिकऱ्यांवर. खालची नीट बसली की लगोरी उंच होते. मधली एक जरी सरकली, तरी चेंडू लागायच्या आधीच डुगडुगायला लागते!

नीट बसलेली ठिकरी बघायची असेल, तर परळीशेजारी अंबाजोगाईला चला. तेराव्या शतकात सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर इथला कारभार बघायचा. राजा देवगिरीला, पण खोलेश्वर त्याच्यासाठी दूर गुजरातपर्यंत लढायला जायचा. त्याचा मुलगा राम लढाईत मारला गेला. मग रामाच्या बहिणीनं, लक्ष्मीनं, भावाच्या आठवणीसाठी देऊळ बांधलं. हे आपल्याला कळलं कसं? अंबाजोगाईच्या शिलालेखांवरून! आठशे वर्षांपूर्वीच्या एका बहिणीची हकिकत दगडात कोरलेली आहे. मला तर ती सगळ्या लढायांहून मोठी वाटते.

आता सरकलेली ठिकरी बघू.

दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याचं राज्य केवढं? दिल्लीपासून थेट दख्खनपर्यंत! त्या काळात इब्न बतूता नावाचा प्रवासी आला होता. दिल्ली ते दौलताबाद (म्हणजे आपली देवगिरीच) चाळीस दिवसांची वाट आहे, असं तो लिहितो. चाळीस दिवस! दख्खनमध्ये बंड झालं, तर फौज यायला महिन्याहून जास्त. मग दूरच्या मुलखात सैन्य, पैसा, अधिकार सगळं कुणाच्या तरी हाती सोपवावंच लागायचं. आणि ज्याच्या हाती हे सगळं, त्याला एक दिवस वाटायचंच की मग राजा मीच का नको?

तुघलक बंड मोडायला स्वतः दौलताबादला आला. तेवढ्यात गुजरातेत बंड! तो तिकडं धावला. मागं इकडचे सरदार जिंकले आणि हसन सुलतान झाला. एक बाजू सावरावी, तर दुसरी ढासळते!

"पण बाहेरचा चेंडू कधी लागतच नाही का?" लागतो ना! आणि तीच गोष्ट सगळ्यात मजेदार आहे.

साल 1296. देवगिरीचा किल्ला म्हणजे चहूबाजूंनी तासलेला उभा कडा. आजही बघताना छाती दडपते. राजा रामचंद्रदेव निर्धास्त होता. त्याची मोठी फौज राजपुत्राबरोबर बाहेर गेलेली. आणि अचानक अल्लाउद्दीन खिलजी येऊन थडकला! राजा किल्ल्यात शिरला. फिरिश्ता नावाच्या इतिहासकारानं सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलंय की, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती खाली पडलेली होती. धान्य समजून ती घाईघाईनं गडावर नेली. वेढा पडला. पोती उघडली. आत काय असेल?

मीठ! नुसतं पांढरंशुभ्र मीठ! त्याची का भाकरी होते? राजाला तह करावा लागला.

आणि आता खरी कमाल ऐका. हा अल्लाउद्दीन दिल्लीचा सुलतान नव्हताच! सुलतान होता त्याचा काका. काकाला न विचारताच तो देवगिरीवर आला होता. इथलं सोनं-मोती घेऊन परतला, त्याच वर्षी काकाला मारलं आणि स्वतः तख्तावर बसला. म्हणजे देवगिरीच्या खजिन्यानं दिल्लीची लगोरी पाडली! पाडणारा पुन्हा घरचाच.

मग आपल्याकडची शेवटची लगोरी, हैदराबादच्या निझामाची, तीही सरदारानंच पाडली का?

नाही! इथं सगळं उलटं झालं. यावेळी हलल्या त्या सगळ्यात खालच्या ठिकऱ्या, म्हणजे साधी माणसं. त्यांचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ कोण होते ठाऊक आहे? शिक्षक! अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक! 1938 साली तर निझामाच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांनी "आम्ही वंदे मातरम् म्हणणारच" असा हट्ट धरला. त्यांना कॉलेजातून काढून टाकलं. त्यातले कितीतरी जण शिकायला नागपूरला गेले. पुढं सप्टेंबर 1948 मध्ये भारताची फौज आली आणि 17 तारखेला निझामाचं राज्य संपलं. त्या दिवशी मराठवाड्यात शाळाशाळांत झेंडावंदन होतं ना, ते याचंच!

आणि काढून टाकलेल्या त्या मुलांपैकी एकाचं नाव सांगू? पी. व्ही. नरसिंह राव. तेलुगू घरातला, पण मराठीही छान बोलणारा हा मुलगा 1991 साली भारताचा पंतप्रधान झाला!