सेंट अँड्र्यूज : ग्रीन गाठूनही हरवणारं मैदान

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज गावात ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाचा अठरावा होल थेट दुकानं-घरांच्या रांगेशी येऊन थांबतो. इथल्या वाळूमिश्रित माळावर पंधराव्या शतकापासून गोल्फ खेळला जातो. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फच्या नादी लागले म्हणून राजा दुसऱ्या जेम्सने १४५७ मध्ये देशभर या खेळावर बंदी घातली होती. पुढे १५५२ च्या आर्चबिशपच्या सनदेने इथल्या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. १७६४ मध्ये इथल्या २२ होलांचे १८ झाले आणि नंतर तोच आकडा जगभर रूढ झाला.

मला या मैदानाची खरी ओढ वाटते ती त्याच्या ग्रीन्समुळे, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळींमुळे. चौदा होलांना मिळून सातच ग्रीन आहेत. जाताना दुसऱ्या होलाचा जो ग्रीन, तोच परतताना सोळाव्याचा. तिसऱ्याचा तो पंधराव्याचा. बेरीज दर वेळी अठरा! साहजिकच हे ग्रीन अवाढव्य आहेत. चेंडू ग्रीनवर पोचला तरी झेंडा शंभर फूट दूर असू शकतो.

म्हणूनच गोल्फमधली एक लाडकी आकडेवारी इथे उघडी पडते. पारपेक्षा, म्हणजे त्या होलासाठी अपेक्षित फटक्यांपेक्षा, दोन फटके राखून ग्रीन गाठला की या आकडेवारीत तो होल खेळाडूच्या खात्यात जमा होतो. इथे झालेल्या २०२२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी रॉरी मॅकिलरॉयने अठराच्या अठरा ग्रीन असे गाठले. प्रत्येकावर दोन पट (ग्रीनवर पटरने मारलेले फटके), एकूण ३६. फेरीचे एकूण फटके ७०, क्रमांक तिसरा. चार फटके मागून आलेल्या कॅमेरॉन स्मिथने ६४ मध्ये फेरी संपवली आणि २० अंडर पारने करंडक नेला.

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही पद्धत मांडली, ती याच कोड्याचं उत्तर देते. अमेरिकी टूरवरच्या खेळाडूला आठ फुटांवरून सरासरी दीड पट लागतात, तेहतीस फुटांवरून दोन. म्हणजे चेंडू ग्रीनवर आहे का, यापेक्षा तो झेंड्यापासून किती दूर आहे, हे महत्त्वाचं. त्यांच्या हिशेबानुसार अव्वल खेळाडूंच्या आघाडीत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४० टक्के, ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा, म्हणजे अप्रोचचा असतो. पटिंगचा जेमतेम १५. एखादा आठवडा पटर जिंकून देतो, स्मिथला दिलाच. पण वर्षभराचा हिशेब मांडायचा तर मी आधी अप्रोचचे आकडे पाहीन.

सतरावा, ‘रोड होल’, हा तर या मैदानाचा कळस. अरुंद ग्रीन, पुढे खोल बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. १९७८ मध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाला त्या बंकरमधून निघायला चार फटके लागले आणि होल नऊवर गेला. २०२२ मध्ये स्मिथ आणि झेंडा यांच्यामध्ये हाच बंकर आला, तेव्हा त्याने त्याला वळसा घालून पटरने चेंडू वर चढवला आणि पार वाचवला. आणि २००० च्या ओपनमध्ये टायगर वुड्सने चार दिवसांत इथल्या ११२ बंकरपैकी एकातही चेंडू जाऊ दिला नाही. आठ फटक्यांनी जिंकला. कोणत्याही मैदानावरची ही सर्वोत्तम नियंत्रणाची कामगिरी, असं माझं ठाम मत आहे.

मैदान सार्वजनिक आहे. बरीचशी जागा चिठ्ठ्या टाकून मिळते. चिठ्ठी लागली नाही तर रविवारी जा. सहसा त्या दिवशी खेळ बंद असतो आणि फिरायला येणाऱ्यांना मैदान खुलं असतं.