यवतमाळ नावाचा मतदारसंघ

यवतमाळ हा लोकसभा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. १९५२च्या पहिल्या निवडणुकीपासून २००४पर्यंत या नावाचा खासदार दिल्लीत जात होता. २००८मध्ये न्या. कुलदीप सिंह आयोगाची फेररचना लागू झाली आणि ‘यवतमाळ-वाशिम’ हे जोडनाव आले. पाटीवर एक नाव वाढले एवढाच बदल झाला, असे अनेकजण धरून चालतात. नकाशा घेऊन बसलो की मला वेगळेच दिसते.

जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा आहेत. पैकी यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद या चार वाशिम आणि कारंजा यांच्याशी जोडल्या आहेत. वणी व आर्णी चंद्रपूर लोकसभेत आहेत. उमरखेड तर हिंगोलीत, म्हणजे पैनगंगेपलीकडे मराठवाड्यात. एक जिल्हा, खासदार तीन.

हे कोणाच्या लहरीने झाले असे मला वाटत नाही. हा हिशेबाचा मामला आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आणि लोकसभेच्या ४८, म्हणून एका खासदारामागे सहा आमदार. गडचिरोली जिल्ह्यात तीनच जागा. त्या भरायला गोंदियातील आमगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर, ब्रह्मपुरी घेतल्या. चंद्रपूरला दोन कमी पडल्या, त्या आमच्याकडून गेल्या. वाशिम जिल्ह्याच्या तीन जागांपैकी रिसोड अकोल्याला गेली, उरलेल्या दोन आमच्याकडे आल्या. गडचिरोलीतील तूट अशी सरकत सरकत वऱ्हाडात पोचली. सात जागांत एक पूर्ण मतदारसंघ बसत होता, हे मात्र मनातून जात नाही.

वाशिमशी आमचे नाते जुनेच. वणी जिल्ह्याचे नाव १९०५मध्ये यवतमाळ झाले, वाशिम जिल्हा मोडला आणि त्यातला पुसद तालुका आमच्याकडे आला. तरीही पुसदचे वसंतराव नाईक १९७७मध्ये आणि सुधाकरराव नाईक १९९८मध्ये लोकसभेवर गेले ते वाशिममधून! मुख्यमंत्रिपद भूषवलेली ही दोन्ही माणसे. वाशिमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळाला तोही १९९८मध्येच. दहा वर्षांनी वाशिम मतदारसंघाचे स्वतंत्र नावही गेले, हे आपण यवतमाळकर सहसा बोलत नाही.

विधानसभेचे दारव्हा आणि केळापूर हे मतदारसंघही त्याच फेररचनेत गेले.

याने बिघडले काय? शेतकरी आत्महत्यांची मोजणी जिल्हावार होते. पीक कर्जाचा आराखडा जिल्ह्याचा असतो, कापसाच्या नुकसानीचे पंचनामे जिल्हाधिकाऱ्यांकडे जमतात. देशभर बदनाम होते ते यवतमाळ जिल्ह्याचे नाव. पण दारव्ह्याच्या शेतकऱ्याने एका खासदाराला धरायचे, पांढरकवड्याच्याने दुसऱ्याला, ढाणकीच्याने तिसऱ्याला. चंद्रपूरच्या खासदारापुढे कोळसा, वीज आणि जंगल आधीच उभे. त्यात आर्णीचा कापूस कितव्या क्रमांकावर?

लोकसभेच्या जागांची पुढची मोठी फेरवाटणी २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेशी राज्यघटनेनेच बांधली आहे. आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे बोलायला उमरखेड आणि वणीची माणसे हजर हवीत, हातात नकाशा घेऊन.