शंटिंग : पाहणाऱ्यांचे समज आणि रुळांवरची वस्तुस्थिती

धावती मालगाडी कोठून आली आणि कोणीकडे चालली हे तिच्याकडे पाहताच कळते, परंतु यार्डात किंवा कारखान्याच्या दाराशी चाललेल्या शंटिंगचा अर्थ असा एका दृष्टिक्षेपात हाती लागत नाही. अमेरिकेत लहान प्रादेशिक रेल्वेचे हे काम हौसेने पाहणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि दौंड किंवा मनमाडच्या यार्डाशेजारी ज्याचे बालपण गेले असेल त्या मराठी वाचकास या हौसेचे नवल वाटू नये. मात्र पाहणे आणि उमगणे यांत अंतर राहिल्यामुळे काही समज रूढ होऊन बसले आहेत. व्हर्मॉंट राज्यातील रटलंड परिसराची रेल्वे नजरेसमोर ठेवून त्यांची शहानिशा करू.

गैरसमज : इंजिन उगाच पुढेमागे करून वेळ आणि डिझेल दवडते.

वस्तुस्थिती : गाडीचा प्रमुख असलेल्या कंडक्टरच्या हाती वाघिणींची यादी असते, आणि कोणती वाघीण कोणाच्या सायडिंगला, कोणत्या क्रमाने सोडावयाची याची तजवीज त्याने काम सुरू होण्यापूर्वीच केलेली असते. रटलंडच्या उत्तरेस फ्लॉरेन्स येथे संगमरवरापासून तयार होणारे कॅल्शियम कार्बोनेट द्रवरूपात टाकीच्या वाघिणींतून बाहेर जाते. अशा वाघिणीवर मालकाची आद्याक्षरे आणि क्रमांक रंगवलेला असतो, व त्या अक्षरांचा शेवट ‘एक्स’ने होत असेल तर ती वाघीण रेल्वे कंपनीची नसून अन्य कोणाच्या मालकीची, एवढे दुरूनही ओळखता येते. आता सायडिंगचा फाटा मागच्या दिशेने फुटत असेल, तर गाडी सांध्यापलीकडे नेऊन मागे रेटली की वाघीण सरळ आत जाते. पण तोच फाटा पुढच्या दिशेने फुटत असेल, तर वाघिणीपुढे असलेले इंजिन आधी आत शिरून स्वतःच कोंडले जाईल. म्हणून वाघिणी थांबवून, त्यांचे हातब्रेक आवळून, इंजिन सोडवून समांतर रुळावरून त्यांच्या मागे आणावे लागते, आणि मगच त्या ढकलता येतात. पाहणाऱ्याला निरर्थक वाटणाऱ्या येरझारांपैकी बऱ्याच या एका अडचणीपोटी घडतात.

गैरसमज : वाघिणी जोडताना होणारा दणका म्हणजे निष्काळजीपणा.

वस्तुस्थिती : कडी आणि खिळा यांनी डबे जोडण्याच्या काळात कामगाराला दोन डब्यांच्या मध्ये उभे राहावे लागे, आणि त्यापायी कित्येकांनी बोटे, हात आणि प्राणही गमावले. एली जॅनी याने 1873 साली मिळवलेल्या पेटंटातून मिटणाऱ्या मुठीसारखा कपलर पुढे आला, 1893 च्या कायद्याने स्वयंचलित कपलर बंधनकारक झाले, आणि 1900 पासून त्याची अंमलबजावणी झाली. आपल्याकडील मालवाघिणींवरही आज याच कुळातला मध्यवर्ती कपलर आढळतो. जुळणाऱ्या दोन कपलरांपैकी एकाचा तरी जबडा उघडा असावा लागतो आणि तो मिटण्यास थोडा धक्का लागतोच. या वेळी वेग ताशी 4 मैलांच्या, म्हणजे जलद चालणाऱ्या माणसाच्या वेगाच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. जोड बसली की इंजिन किंचित मागे ओढून ती पक्की झाल्याची खात्री करतात. हवेच्या नळ्या मात्र अजूनही हातानेच जोडाव्या लागतात. त्यासाठी मध्ये शिरण्यापूर्वी कंडक्टर वायरलेसवरून संरक्षण मागतो. ड्रायव्हर ब्रेक लावून, इंजिनाची दिशा-मूठ मध्यावर आणून आणि ओढशक्तीचा विद्युत्प्रवाह तोडून तसे कळवतो. आणि त्याचे उत्तर कानी पडेपर्यंत रुळांत पाऊल पडत नाही.

गैरसमज : वाघिणी ढकलताना ड्रायव्हरला पुढचा मार्ग दिसत असतो.

वस्तुस्थिती : त्याला वाघिणींच्या भिंतींपलीकडचे बहुधा काहीच दिसत नाही. पुढच्या टोकाशी उभा असलेला सहकारी उरलेले अंतर वाघिणींच्या लांबीत मोजून सांगत असतो : दहा, पाच, तीन, दोन, एक, अर्धी. सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत जाऊनही पुढचा शब्द कानी आला नाही, तर ड्रायव्हरने गाडी थांबवलीच पाहिजे. शांतता म्हणजे परवानगी नव्हे, थांबण्याचा हुकूम होय, हे या नियमाचे मर्म आहे.

गैरसमज : हवेचा ब्रेक एकदा लागला की वाघीण कायमची जागच्या जागी.

वस्तुस्थिती : वेस्टिंगहाउसच्या स्वयंचलित ब्रेकची खुबी अशी, की नळीतील हवेचा दाब घटला की प्रत्येक वाघिणीच्या स्वतःच्या टाकीतील हवा ब्रेक लावते; परंतु तीही काळाच्या ओघात झिरपून जाते. शिवाय शंटिंगसाठी वाघिणीची हवा मुद्दाम सोडून देतात. दांडी ओढताच जो दीर्घ फूत्कार ऐकू येतो तो याचाच, आणि त्यानंतर ती वाघीण धरून ठेवण्यास हातब्रेकच उरतो. जुलै 2013 मध्ये कॅनडातील लाक-मेगांतिक गावाच्या वर, उतारावर, एका लहान प्रादेशिक रेल्वेची खनिज तेलाची गाडी रात्री उभी करण्यात आली. पुरेसे हातब्रेक आवळलेले नव्हते. इंजिनाला लागलेली आग विझवताना इंजिन बंद करण्यात आले, हळूहळू हवा गेली, आणि मनुष्यविरहित गाडी गावात घुसून 47 जण मृत्युमुखी पडले. हातब्रेकचे चाक फिरवणारा कामगार वेळ काढत असल्यासारखा दिसतो, तेव्हा हे स्मरणात ठेवावे.

गैरसमज : लहान रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेचे मरणोन्मुख अवशेष.

वस्तुस्थिती : 1961 च्या संपानंतर जुन्या रटलंड रेल्वेची वाहतूक पुन्हा सुरू झालीच नाही, हे खरे, पण व्हर्मॉंट राज्य सरकारने तिच्या मार्गाचा मोठा भाग विकत घेतला आणि 1964 पासून तो व्हर्मॉंट रेल्वे या खासगी कंपनीने भाडेपट्ट्याने चालवला. 1980 च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेवरील सरकारी निर्बंध सैल केल्यावर, मोठ्या कंपन्यांना न परवडणारे अनेक फाटे असेच लहान कंपन्यांकडे आले. आज अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे 600 आहे. मोठ्या कंपनीची शंभर वाघिणींची गाडी कारखान्याच्या दाराशी जात नाही. तेथवरचे अखेरचे काही मैल ही मंडळी सांभाळतात, आणि त्या कामास चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिनही उत्तम चालते.

पाहणाऱ्याने रेल्वेच्या हद्दीत न शिरता सार्वजनिक जागीच उभे राहावे, कारण निश्चल दिसणारी वाघीण दुसऱ्या टोकाकडून ढकलली गेली की फारसा आवाज न करता हलते. जवळ वही ठेवून वाघिणींचा क्रम कामापूर्वी आणि कामानंतर लिहून घ्यावा, आणि तोच फेरबदल कमी फेऱ्यांत साधला असता का, हे घरी बसून ताडून पाहावे. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येईल. कारण या कामातील कौशल्य कमीत कमी फेऱ्यांत असते, आणि ज्या दिवशी पाहणाऱ्याची करमणूक लवकर आटोपली, त्या दिवशी कंडक्टरने आपली यादी अधिक विचारपूर्वक आखली होती असे बेलाशक समजावे.