आजोबांची हेराल्ड घरीच दुरुस्त करायची? करा, पण तिला ‘नवी’ करू नका

धंतोली, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स. नागपूरच्या या भागांतल्या जुन्या बंगल्यांसमोरून जाताना कधीतरी ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी दिसते. टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ, चाकांच्या मधून उगवलेलं गवत. घरातल्या म्हाताऱ्यांना ती विकवत नाही आणि पोरांना ती चालवता येत नाही. येणारा-जाणारा विचारतो, “काऊन भाऊ, भंगारात काऊन नाही देऊन टाकत?”

मग एक दिवस घरातलं एखादं पोरगं चार व्हिडिओ बघतं, पाना घेतं आणि गाडीखाली शिरतं.

हे करण्यासारखं आहे का? आहे. घरच्या घरी होतं का? बरंचसं होतं. पण यात एक मोठी गोम आहे. जुनी गाडी बिघडते ती गंजाने, हे सगळ्यांना माहिती असतं. पण ती कायमची हातची जाते ती बऱ्याचदा मालकाच्या उत्साहाने. कशी, ते समजून घेऊ.

हेराल्ड आणि स्पोर्ट्स कारचा काय संबंध?

आपल्याकडे जुन्या काळी खऱ्या स्पोर्ट्स कार फारच कमी होत्या. पण एक गाडी अशी होती जिच्या पोटात स्पोर्ट्स कारचा सांगाडा होता. ती म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड.

इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली. डिझाईन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांचं. १९६२ मध्ये याच हेराल्डची चॅसी आखूड करून त्यावर दोन सीटची उघडी गाडी बसवली गेली. तीच पुढे जगभर गाजलेली ट्रायम्फ स्पिटफायर. तिचं डिझाईनही मिकेलोत्ती यांचंच. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी.

भारतात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेराल्ड बनवली. इंजिन ९४८ सीसीचं. १९७२ मध्ये तिच्याच वळणाची गझेल आली.

आता कामाची गोष्ट. त्या काळात कंपनीला एकसंध बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे हेराल्डची चॅसी वेगळी ठेवली गेली आणि वरची बॉडी तुकड्या-तुकड्यांत नट-बोल्टने जोडली गेली. कंपनीने नाइलाजाने केलेली ही तडजोड आज घरी दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. पुढचं बोनेट मडगार्डसकट उघडतं, इंजिनच्या दोन्ही बाजूंना नीट उभं राहता येतं. पत्र्याचे बरेच भाग कापाकापी न करता खोलता येतात.

शिवाय स्पिटफायरचे चाहते जगभर आहेत. त्यामुळे चॅसी, सस्पेन्शन, स्टिअरिंग समजून घ्यायला माहितीचा तुटवडा पडत नाही.

पाना उचलण्याआधी आरसी शोधा

पहिलं काम गॅरेजमधलं नाही, कपाटातलं आहे. आरसी बुक, जुना विमा, टॅक्सच्या पावत्या, खरेदीची कागदपत्रं, जे मिळेल ते शोधा. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करणं हे इंजिन सुरू करण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, नंतर ते मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तुमची गाडी पन्नाशीच्या दशकातली असेल तर कागदांवर वेगळ्याच राज्याचं नाव असू शकतं. घाबरू नका, पण असे कागद जीवापाड जपा. आधी स्कॅन करा, मगच आरटीओत न्या.

त्यानंतर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते बघा. नंबरावर गंज असेल तर मऊ ब्रश आणि थोडं तेल वापरा. तिथे ग्राइंडर लावू नका. आकडे घासले गेले तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करताना नाकीनऊ येतील.

कायदा काय म्हणतो?

जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण आलं तेव्हा अनेकांना वाटलं की आता विंटेज गाड्याही गेल्या. तसं झालं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याने (मंत्री नितीन गडकरी, म्हणजे नागपूरचेच खासदार) जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले.

त्यातले मुख्य मुद्दे असे :

- पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते.
- नव्या विंटेज नोंदणीची फी २० हजार रुपये. ही नोंदणी १० वर्षं चालते. नूतनीकरणाला ५ हजार रुपये.
- आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरं असलेला नंबर मिळतो.
- ही गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही आणि भाड्यानेही द्यायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहिला. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले असतील तर ती विंटेज धरली जात नाही.

म्हणजे हौसेने छप्पर कापून हेराल्डची ‘ओपन स्पोर्ट्स’ केली, किंवा आधुनिक गाडीचं इंजिन टाकलं, की पन्नास वर्षांची पुण्याई एका दुपारी गेली. ती विंटेज राहणार नाही. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीत न बसणारे बदल साध्या नोंदणीतही अडकतात. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम उचलून धरलं आहे.

विंटेज नोंदणी करायची नसेल तर नेहमीचा रस्ता आहेच, दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी. पण ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ही फी १० हजार रुपये झाली आहे. परदेशातून आणलेली चारचाकी असेल तर ८० हजार.

म्हणून काम सुरू करण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जो भाग खोलाल त्याचाही फोटो. काढलेला जुना पार्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवा, फेकू नका. तुम्ही गाडी बदलली नाही, तर दुरुस्त केली, याचा हाच पुरावा.

इंजिन : चावी फिरवू नका!

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारणं ही सगळ्यात महागडी चूक. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला की रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.

क्रम असा ठेवा :

१. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. वॉर्निशसारखा वास आला तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही साफ करावे लागणार.

२. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि एक-दोन दिवस विसरून जा.

३. इंजिन हाताने, पुलीच्या नटाला पाना लावून, हळूच फिरवून बघा. अडलं तर थांबा, पुन्हा तेल सोडा.

४. इंजिन मोकळं फिरलं की ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदला. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते तपासा. मगच बॅटरी.

बॅटरी लावतानाही सावध. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असायचा, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आधी तपासा, मग जोडा.

हत्यारांचंही तसंच. हेराल्डचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना ‘जवळपास’ बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. त्यामुळे इंची पान्यांचा एक सेट आधीच घ्या.

गंज : पुट्टीवर विश्वास ठेवू नका

साधी चाचणी. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळा आणि बॉडीवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. म्हणजे आधीच्या कुणीतरी भोक बुजवून वर रंग मारलाय.

वरवरचा गंज वायर ब्रश, सँडपेपर आणि गंजरोधक प्रायमरने घरी हाताळता येतो. पण पत्रा कुजला असेल तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करणं हाच उपाय. कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी म्हणजे दुखऱ्या दातावर पॉलिश.

हेराल्डमध्ये चॅसीला बाजूने फुटलेले हात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते आधी बघा. नागपूरच्या पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी असेल तर चिखल-पाणी तिथेच साचतं. बॉडी उचलायची असेल तर आधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि दाराच्या चौकटीला आतून आधार द्या. नाहीतर नंतर दारं लागणार नाहीत.

वेल्डिंग शिकायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घेण्यात कमीपणा नाही. कुणीही केलं तरी एक नियम पक्का. पेट्रोलची टाकी गाडीत असताना वेल्डिंग करायचं नाही. रिकामी टाकी तर जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ भरलेली असते.

आजचं पेट्रोल, कालची गाडी

गाडी साठीच्या दशकातली, पण पेट्रोल मात्र आजचं. त्यामुळे दोन अडचणी येतात.

पहिली, शिसं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. त्या शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झीज होण्यापासून वाचवायचा. आता तो नाही. टॅपेटचा गॅप पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर बैठक झिजतेय असं समजा. हेड खोललंच आहे तर मशिन शॉपमध्ये कडक धातूच्या सीट बसवून घ्या. बाहेरून काही दिसत नाही, गाडी मूळच राहते.

दुसरी, इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर यासाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, गळतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर पुढे काय होतं ते सांगायला नको. सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे टाका. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

त्यात आपला मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेला की पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सिग्नलवर बंद पडते. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते उगाच नाही. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांब नेणं आणि मध्ये पत्र्याची आड लावणं.

ब्रेक : इथे ‘जुगाड’ नाही

आजच्या गाडीत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा काम करतो. त्या काळच्या हेराल्डमध्ये एकच मार्ग. एक पाइप फुटला की पेडल थेट जमिनीला आणि चारही ब्रेक गेले.

म्हणून सगळे रबर आणि होस नवे टाका, लोखंडी पाइप गंजले असतील तर तेही बदला. ब्रेकमध्ये फक्त ब्रेक ऑइलच, इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबर फुगून ब्रेक जाम होतात. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे तिथली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हे सगळं स्वतः केलं तरी रस्त्यावर येण्याआधी अनुभवी मिस्त्रीला दाखवा. आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. मजबूत स्टँड लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, मगच खाली शिरा.

मग शेवटी करायचं काय?

खोलणं, साफ करणं, कार्बोरेटर, पॉइंट-प्लग, पाइप, वायरिंग, सीटची आवरणं, किरकोळ गंज, हे घरी करा. वेल्डिंग, इंजिनचं मशिनिंग आणि ब्रेकची शेवटची तपासणी जाणकाराकडे. एखादा बुश किंवा पिन मिळतच नसेल तर जुना नमुना घेऊन हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याकडे जा. नमुना हातात असेल तर कामाला सोपं जातं. जुना पार्ट फेकू नका म्हटलं, ते यासाठीही.

आणि प्रत्येक वेळी पाना उचलताना स्वतःला विचारा, मी हे दुरुस्त करतोय की बदलतोय?

चकचकीत गाडी तर शोरूममध्ये कुणालाही मिळते. पण आजोबांचा हात लागून गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा तो जुना चरा, ते कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही. ते तसंच राहू द्या.

मग परत कुणी विचारलं, “काऊन भाऊ, भंगारात काऊन नाही दिली?” तर उत्तर द्यायची गरज नाही. बोनेट उघडून दाखवा.